उडत्या तबकडीच्या खिडक्या

१४ मे १९७४, मंगळवार. कडक ऊन, दुपारी चारला वावटळ. त्या दिवशी डायरीत मी एवढंच लिहिलं होतं.

पुढच्या आठवड्यात माझा मित्र मधुकर याने मला मुद्दाम चहाला बोलावलं आणि एक फोटो समोर ठेवला. त्याच्या गच्चीच्या वर, आकाशात, दोन गोल चपट्या वस्तू तरंगत होत्या.

"उडत्या तबकड्या आहेत गा! मागच्या मंगळवारी चार वाजता नवीन कॅमेऱ्यानं टिपल्या. उद्या पेपरात देतो. तुह्या डायरीवर लोकायचा भरवसा आहे, तू साक्षीदार म्हणून सही कर."

"चार वाजता तर वावटळ होती," मी म्हणालो.

"तबकडी आली की वारा सुटतेच! हे भिंग घे. खिडक्यासुद्धा दिसून राहिल्या."

खरंच, बारीक काळे ठिपके दिसत होते. चहा घेऊन आलेल्या सुशीलावहिनी थबकल्या.

"मागच्या मंगळवारी? त्याच दिवशी माहे पापड गेले गच्चीवरून. शेजारच्या कमलनं नेले म्हणून मी तिच्याशी बोलणं सोडलं."

त्यांनी माझ्या हातातलं भिंग घेतलं आणि बराच वेळ पाहिलं.

"ह्या खिडक्या नाहीत. मिरे आहेत."

"अवं, पापड एवढा उंच जाते काय?"

"मंग तबकडीवाले मिरे काहून घालतील?"

मी सही केली नाही. वहिनी फोटो घेऊन पाच वाजता कमलताईंकडे गेल्या आणि साडेसातला परतल्या. फोटो कमलताईंनी ठेवून घेतला.