क्लॅरीचं हँडल

—माफी कसली मागताय, हॅलोरन? लॅमिंग्टन केकची पेटी आणली की झालं? ठेवा तिकडं, मांजर खाईल. शनिवारी तुमच्या फिल्म क्लबात दोनशे माणसं मला हसली — मला, डल्सी प्रिडमोरला! नऊ वर्षांची होते तेव्हापासून नाचले मी, बॅलरॅटपासून कॅलगुर्लीपर्यंत एक थिएटर सोडलं नाही, पण हसायची छाती झाली नाही कुणाची. आणि तुम्ही? जुन्या जमान्यातली नर्तकी म्हणून पुढच्या रांगेत बसवलंत, आणि माझी उरलेली ती एकुलती एक मुकी फिल्म बोलपटाच्या यंत्रावर भरधाव सोडलीत. पाय भाजल्यागत तुरुतुरु पळत होते मी! शेजारी माझी नात, मर्ना — तीसुद्धा हसली.

काय? यंत्राला एकच वेग आहे? मग दाखवायची कशाला? अहो, तेव्हा कॅमेरा हातानं फिरवायचे. मालक मुलखाचा कंजूष, फिल्म वाचवा म्हणायचा, म्हणून क्लॅरी — कॅमेऱ्यावर क्लॅरी असायचा — हँडल सावकाश फिरवायचा. आणि हँडल सावकाश म्हणजे पडद्यावर माणूस पळणार. मग मी काय करायचे? मी त्याहून सावकाश नाचायचे. कूजीला समुद्राकाठच्या वाळूवर, भर उन्हात, खांद्याला पतंगाचे रेशमी पंख — एक पाय वर उचलून सात आकडे मोजेपर्यंत धरायचा. स्टेजवर तीनच असायचे. क्लॅरी फिरवता फिरवता वॉल्ट्झ गुणगुणायचा, मी त्यावर. थिएटरातला यंत्रवालाही हातानं, बेतानं फिरवायचा — आणि लोक रडायचे म्हणे, तो पतंग बघून.

सगळ्यात जास्त कुठं हसले ठाऊक आहे? मी पडले तिथं. नाचात नव्हतं ते! खुब्याचं हाड मोडलं माझं, सातव्या आकड्याला, चोविसाव्या वर्षी. मालकानं तेवढंही वाया जाऊ दिलं नाही — पुढं पाटी चिकटवली, ‘पतंग दिव्यावर मेला’ म्हणून. त्यानंतर ना स्टेज, ना सिनेमा. टोप्या शिवल्या मी, टोप्या.

आणि रीत अशी, की डायरेक्टर थांब म्हणेपर्यंत हँडल सोडायचं नाही. डायरेक्टर माझ्याकडं पळत सुटला, थांब म्हणायचं विसरला. क्लॅरी फिरवत राहिला. त्याच वेगानं. फक्त गुणगुणणं बंद.

मग काय, लग्न केलं त्यानं माझ्याशी. भला माणूस — एकतीस वर्षं, जाईपर्यंत, रोज सकाळी चहा अंथरुणात आणून दिला, मला उठायला वेळ लागतो म्हणून. मी एकदाही विचारलं नाही, बाबा रे, हात का नाही थांबला तुझा? वाटायचं, दोन-तीन फेरे फिरवले असतील, माणूस गोंधळतो. फिल्म कधी पाहिली नव्हती मी, धीरच झाला नाही. शनिवारी पाहिली. तुमच्या त्या पळत्या यंत्रावरसुद्धा संपता संपेना — मी पडलेली, हात हलवतेय त्याच्याकडं बघून, आणि लोक खिदळतायत. बघू नका तिकडं भिंतीकडं. हो, त्याचा फोटो उलटा ठेवलाय. मीच ठेवलाय.

पुन्हा दाखवायचीय? दाखवा. मागं शेडमध्ये क्लॅरीचं हातानं फिरवायचं यंत्र आहे, घेऊन जा. पण फिरवणार मी. मर्नाला पुढं बसवा. आणि मी पडले, की हँडल सोडणार, दिवा झाकणार — तुमच्या दोनशे माणसांना काय ओरडायचं ते ओरडू दे. थांबवता येतं ते. कुणीही थांबवू शकतं.

निघा आता. आणि ती पेटी उचला. मांजर नाही माझ्याकडं.