मागलं दार

रेशन दुकानापुढं रॉकेलची रांग होती. घरकामाला एखादी खेड्यातली पोर मिळते का बघावं, म्हणून प्रमोदिनीताई पुढच्या दोघी मोलकरणींच्या बोलण्याकडं कान देऊन उभ्या होत्या.

"झुंबराक्का, नेसरीस्नं लेकीला आणतीस न्हवं कामाला?"

"न्हाय आणत."

"आगं, तुज्या बाईसाबच घेऊन ये म्हणत्यात. पोटभर खाईल की पोर."

"खाईल की. मला तरी कुठं उपाशी ठेवलंय?"

"मग घोडं कुठं आडलं?"

"दिवाळीला गावाकडं गेलतो बघ. यष्टीतनं उतरलो, बोचकं डोक्यावर घेतलं, आन् सरळ घराच्या मागल्या अंगाला जाऊन हुबारलो."

"मागं कशाला?"

"बाईसाबांच्यात मागल्या दारानंच यायचं असतंय. पायास्नी तीच सवय लागलीया."

"आन् तुज्या घराला मागलं दार हाय व्हय?"

"कुठलं? नुसती मातीची भिंत. तिच्याम्होरं हुबारून वाट बघाय लागलो, कोण दार उघडतंय म्हणून."

"आगं बया! मग?"

"मग काय, लेक पळत आली. हसाय लागली. म्हणाली, आई, हिकडं कुठं? दार पुढं हाय की."