कारकुनांच्या शाळेची जागा

चहा घ्या, सांगतो. निजामाच्या राजात सरकारनं ठरवलं, जिंतुरात एक शाळा काढायची. लेकरांची न्हाई, कचेरीतल्या कारकुनांची. रयतेची सेवा कशी करावी, ते त्यांना शिकवायचं. जागा म्हणून माझ्याच रानात खुट्या ठोकून गेले. कापसाची पेरणी तोंडावर आलेली. पेरू का नको, एवढंच विचारायला मी कचेरीत गेलो.

तिथल्या साहेबाचा पेशकार, म्हंजी त्याचे कागद बघणारा कारकून, मान वर न करता म्हणला, "कल आव."

असे आठ दिवस गेले. जोडे बाहेर काढायचे, दारात हुबं ऱ्हायचं, "कल आव" ऐकून घरी यायचं. शेजाऱ्याचा कापूस उगवून वर आला की हो!

नवव्या दिवशी खुद्द साहेब बाहेर आले. मला बघून खूश झाले. "तू तर रयत. सांग बरं, आमच्या शाळेत काय शिकवावं?"

म्हणलं, "हुजूर, माणूस विचारायला आला तर त्याच दिवशी जवाब द्यायला शिकवा. मलाच सांगा, रान पेरू का नको?"

"वाहवा! लय दुरुस्त बोललास," साहेब म्हणले. "पेशकार, ह्याला जवाब द्या."

पेशकारानं आजबी मान वर केली न्हाई. "कल आव."