मोटारघराच्या छतावरची एरियल

जबाब देणार : तक्रार अर्जात 'रेडिओवाली बाई' असा उल्लेख असलेली महिला, वय ५८ वर्षे, धंदा – टेलिफोन केंद्रातून निवृत्त ऑपरेटर, राहणार – तळमजला, डाव्या हाताचं घर.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर नवऱ्यासह राहते. माझ्याकडे हौशी रेडिओचा परवाना एकोणीस वर्षांपासून आहे. त्याची प्रत दिली आहे. याआधीही दोनदा दिली होती.

गेल्या वर्षी आम्ही एक जुनं मोटारघर, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, घेतलं. ते इमारतीच्या अंगणातच उभं असतं. त्यात रेडिओ आणि स्कॅनर बसवायला मला सात महिने लागले. छत फायबरचं असल्यामुळे एरियलखाली पत्रा घालावा लागला. वायरसाठी भोक पाडलं ते गळलं, तेही नेमकं नवऱ्याच्या उशीवर. फ्रीज चालू असला की रेडिओत नुसती घरघर, बंद केला की दूध नासायचं. नवरा म्हणाला, "अगं, तू घरात रेडिओ बसवतेयस की रेडिओत घर?"

स्कॅनर एकामागून एक वाहिन्या आपोआप चाळतो आणि जिथे आवाज असेल तिथे थांबतो. त्यावर मी हवामानाचे इशारे आणि आमच्या हौशी मंडळींच्या वाहिन्या लावल्या आहेत. अर्जात म्हटलंय तशी पोलिसांची एकही नाही. यंत्र तपासून घ्या, असं मी पहिल्या दिवसापासून सांगते आहे. अजून कोणी तपासलेलं नाही.

अर्जदार हे वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर. एरियलमुळे त्यांचं डोकं दुखतं, असं त्यांचं म्हणणं. मध्यंतरी तीन आठवडे रेडिओ दुरुस्तीसाठी उघडा पडला होता, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तेव्हा तर जास्तच दुखत होतं."

मंगळवारी दुपारी ३.१० वाजता मी मोटारघरात स्कॅनर ऐकत होते, तो एका ठिकाणी थांबला. पुरुषाचा आवाज होता, अगदी क्षीण. "कुणी ऐकतंय का? भाऊजींचा पाय दगडाखाली आलाय. रक्त थांबत नाहीये." मी लगेच रेडिओवरून उत्तर दिलं. तो जमीन मोजणारा होता. बहिणीचा नवरा त्याच्यासोबत कामाला होता. तिथे फोन लागत नव्हता, म्हणून हातातल्या छोट्या रेडिओवरून तो हाका मारत होता. मी म्हटलं, "कमरेचा पट्टा काढ, जखमेच्या वर करकचून आवळ. आणि कुठे आहात ते सांग." तो म्हणाला, "खाणीच्या मागे घळ आहे, तिथे... खाण म्हणजे..." एवढ्यावर आवाज तुटला.

बाहेर आले तर हेडमास्तर स्टुलावर उभे, हातात बागेची कात्री. एरियलच्या वायरचे दोन तुकडे झाले होते. मी म्हटलं, "सर, तिकडे माणूस मरतोय." ते म्हणाले, "तुमच्या त्या डब्यात रोजच कोणीतरी मरत असतं."

३.१८ ला मी याच ठाण्यात फोन केला. कोणत्या नंबरवरून कॉल आला, असं मला तीनदा विचारलं. फोन नव्हता, रेडिओ होता, असं मी तीनदा सांगितलं. मग विचारलं, खाणी तीन आहेत, त्यातली कोणती? ते मला माहीत नव्हतं.

वायर जोडायला चाळीस मिनिटं लागली. जोड कच्चा राहिला तर यंत्रच जळतं. नवरा शेजारी पक्कड धरून उभा होता. ३.५८ ला हाक दिली. तो तिथेच होता. म्हणाला, "कुठे गेलात ताई?" तिसरी खाण, पश्चिमेची घळ. हे मी ४.०१ ला ठाण्यात कळवलं. पथक ४.४५ ला पोहोचलं.

मोजणीदार सुखरूप आहे. त्याचे भाऊजी दवाखान्याच्या वाटेत गेले. डॉक्टर काय म्हणाले ते त्याने मला फोन करून सांगितलं. ते लिहून घेण्याची गरज नाही, असं हवालदार म्हणाले, म्हणून सांगत नाही.

वायर कापल्याचा उल्लेख हेडमास्तरांच्या अर्जात नाही. तो इथे असावा. त्यांच्या अर्जावरून बुधवारपासून माझा रेडिओ ठाण्यात जमा आहे, तो परत मिळावा.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. एका ठिकाणी 'ऐकत होते' ऐवजी 'चोरून ऐकत होते' असं लिहिलेलं आढळलं, ते माझ्यासमोर खोडून घेतलं. आता तो मी सांगितला तसाच आहे, म्हणून सही करते.