नदीकाठाने रोज पाच किलोमीटर

आर. के. पुरमच्या सरकारी दवाखान्यात लिफ्टसाठी रांग होती. नव्यानेच रुजू होत असलेल्या डॉक्टर अलकनंदाबाईंच्या पुढे एक जोडपं उभं होतं. दिल्लीत मराठी कुणाला कळतंय, या भरवशावर त्यांचं मोठमोठ्यानं चाललं होतं.

"सुनंदा, डॉक्टरला सांगायचं, गावी महिनाभर रोज पाच किलोमीटर धावलो. नाहीतर साखरेची इंजेक्शनं मागे लागतील."

"कुठून धावलात म्हणून सांगू?"

"नदीकाठाने, मग जांभळीच्या राईतून थेट देवळापर्यंत. काय रस्ता आहे, यार!"

"भाच्याच्या स्कूटरवर मागे बसून बघितलात तो."

"रस्ता तर तोच ना?"

"आणि देवळापाशी रोज भजी हाणलीत."

"भज्यांचं बिल्कुल काढायचं नाही. नदी उजवीकडे होती, लक्षात ठेव."

"डावीकडे होती."

"उजवीकडे!"

"अहो, तुमचं लक्ष भज्यांकडे."

लिफ्ट आली. तिघं आत शिरली.

"मैडम, तीसरी मंज़िल दबा दीजिए," तो अदबीनं म्हणाला.

बाईंनी बटण दाबलं, पिशवीतून पांढरा कोट काढून अंगात घातला आणि म्हणाल्या,

"नदी जाताना डावीकडे आणि येताना उजवीकडे असणार. भजी किती प्लेट झाली, तेवढं वर सांगा."