नुसतं टिंब दिलं की यादी!

…नाही, मला एवढंच सांगा, कॉम्प्युटर माझा नवा, त्याचा दोरीनं बांधलेला, आणि यादी त्याच्याकडे? तुम्हाला सांगतो, असुन्सिओनच्या बाजारात इतकी वर्षं कापड विकतोय, कुणाच्या गल्ल्याकडे वाकड्या नजरेनं पाहिलं नाही, पण समोरच्या सिंदुल्फोशेठची ती यादी पाहिली आणि पोटात जे दुखायला लागलं म्हणता!

म्हणजे असं, की आम्ही दोघंही आपलं आपण शिकून दुकानाच्या हिशेबासाठी कॉम्प्युटरवरच्या वहीत पायथन भाषेत कोड लिहितो. चौकोनात लिहा, खाली उत्तर. पण ह्याच्याकडे… नुसतं टिंब दिलं की यादी! पुढे काय लिहायचं ते सगळं हजर, बोट ठेवा, उचला! आणि मी? टिंब देतो, बघत बसतो. मी टिंबाकडे, टिंब माझ्याकडे.

शेवटी विचारलं. थंडगार तेरेरेचा पेला पुढे करत म्हणतो कसा, "अहो क्रिसांतोशेठ, लँग्वेज सर्व्हर बसवा की! तो मागे बसून शब्द सुचवतो, चुका दाखवतो. सेटिंगचं काम आहे फक्त!" फक्त! बसवला. हूं नाही की चूं नाही. का? तर मी तो बसवला एका पायथनमध्ये आणि वही चालते दुसऱ्याच पायथनवर! अहो, एका कॉम्प्युटरात दोन पायथन नांदतात हे मला कुणी सांगायचं? पुन्हा बसवला. सेटिंगच्या फाईलीत एक स्वल्पविराम जास्त पडला, अख्खी फाईल रुसली. तो काढला, वही बंद करून उघडली, आणि आला एकदाचा! यादी? छे हो, लाल रेघा! ओळ लांब झाली, इथे जागा सोडा, तिथे कशाला सोडली… सासूबाई परवडल्या! ह्या रेघा सेटिंगमधूनच बंद करता येतात, हे सिंदुल्फोशेठ कशाला सांगतोय? त्याचं पान धुतल्यासारखं! आणि वर नुसतं टिंब दिलं की यादी!

त्यात बाजारसंघानं काढलं, उन्हाळ्याचा माल यंदा सगळ्यांनी मिळून मागवायचा, ज्याचा हिशेब पटेल त्याच्या शब्दावर. दोघांनी सगळ्यांसमोर लिहून दाखवा. माझं पान उघडलं मात्र, अध्यक्ष एमेरेंसिआनाबाई चष्मा वर करून, "अगं बाई! क्रिसांतो, सगळंच चुकलंय की रे!"

"बाई, हिशेब बरोबर आहे, रेघा नुसत्या टापटिपीच्या आहेत!"

ऐकतंय कोण?

मग सिंदुल्फोशेठ. जानेवारीची विक्री काढायची म्हणून टिंब दिलं, महिन्यांची यादी पडली, लोक "ओहोहो!" यादी अक्षरांच्या क्रमानं, एप्रिल, ऑगस्ट वर, जानेवारी खाली. आणि ह्या गृहस्थानं लोकांकडे बघत, हसत हसत, दाबलं ऑगस्ट! आमच्याकडे ऑगस्टात थंडी हो, जानेवारीत अंग भाजतं! सर्व्हर गप्प. तो कशाला बोलेल, ऑगस्ट नावाचा महिना आहेच ना!

मी ओरडलो, "शेठ, ऑगस्ट घेतलात! ऑगस्ट!"

बाई म्हणतात, "क्रिसांतो, इतकं जळू नये रे. चिपा खा, गरम आहेत."

आता जळत होतो, खोटं कशाला बोलू? सगळ्या बाजाराला ठाऊक होतं, म्हणून तर कुणी ऐकलं नाही. टाळ्या पडल्या, माल आला, वाट्याप्रमाणे दुकानोदुकानी उतरला.

आज जानेवारी. दोन पंखे लावून, बनियनवर बसलोय दुकानात, आणि घामाघूम गिऱ्हाइकाला सांगतोय, "हात तर लावून बघा ताई… शुद्ध लोकर!"