बुध्या त्या दिवशी माझ्या घरी होता

आम्ही मूळचे जव्हारचेच. बाप संस्थानच्या कचेरीत पट्टेवाला, त्याच्यामागे मी फौजदारी कोर्टाच्या दाराशी उभा राहिलो आणि केस पांढरे होईपर्यंत लोकांची नावं पुकारली. काय सांगू तुम्हाला, साहेबांच्या टेबलावर कायद्याचं जाड पुस्तक असायचं. त्यात लिहिलेलं, शिरस्तेदारांनीच मला वाचून दाखवलेलं, की धाक किंवा लालूच दाखवून कुणाकडून गुन्हा कबूल करून घ्यायचा नाही. पण ते टेबलावर. दाराशी मी असायचो. पाड्यावरचा माणूस आला की मी कानाशी लागायचो, अरे, कबूल म्हण, किरकोळ दंडावर सुटशील, नाहीतर तारखांना डोंगर चढून-उतरून मरशील. ते खरंही होतं. लोक सुटायचे, मला राम राम करून जायचे, मला वाटायचं आपण पुण्यच करतोय.

मग जामसरचा बुध्या आला. राखीव रानातला साग तोडल्याचा आरोप. साग कुठल्या दिवशी तुटला ते मी ऐकलं, आणि त्या दिवशी तर बुध्या माझ्या घरी होता, माझंच छप्पर शाकारत होता, माझ्याच ओट्यावर बसून भाकर खाल्ली त्यानं. तो म्हणाला, दादा, तुमीच सांगा ना आत. मी शिरस्तेदारांना विचारलं, ते म्हणाले, साक्ष द्यायची तर आधी पट्टा उतरवून ठेव. मी पट्ट्याला हात लावला आणि हात तसाच खाली घेतला. बाहेर येऊन त्याला म्हणालो, कबूल म्हण, संध्याकाळी घरी जाशील. त्यानं ऐकलं. साहेब नवे होते, तीन महिने दिले.

आमची ही म्हणाली, सगळ्यांची नावं पुकारता, स्वतःचं पुकारायला काय झालं होतं? छप्पर अर्धंच राहिलेलं, पावसाळाभर चुलीपाशी गळलं, पण मी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

दिवाळी झाली, गवत वाळलं, तसा बुध्या भारा घेऊन दारात. म्हणाला, येवढं राहलं होतं ना. तो तुरुंगात असताना त्याच्या भाताची लावणी पाड्यानं केली होती. तो छपरावर चढला, मी खालून गवत देत राहिलो. तो वरून हसला, दादा, तुरुंगाला कौलं हायत, मला नाय गळलं, तुमचंच गळलं आसंल.

त्यानंतर मी कुणाच्या कानाशी लागलो नाही. बुध्या गेला, आता त्याचा मुलगा शाकारतो, नव्या नाचणीचं पीठ अजून आमच्याकडे येतं. असा माणूस मला भेटला, देवाचे उपकार, दुसरं काय म्हणू? साक्ष तेवढी राहिली. तुम्ही लिहिताय तर लिहा, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत बुध्या माझ्या घरी होता. आता वाचून दाखवा, मग सही करतो. साहेबांच्या त्या जाड पुस्तकात तसंच आहे.